शाळेच्या कामातून डिजिटल कौशल्ये: नाशिकमधील शिक्षक व विद्यार्थ्यांसाठी टप्प्याटप्प्याने मार्गदर्शन

वर्गात स्मार्ट बोर्ड बसला, पालकांचा व्हॉट्सॲप गट तयार झाला आणि मुलांच्या हाती मोबाईल आला की शाळा डिजिटल झाली, असे मानण्याची सवय आपल्याला लागली आहे. प्रत्यक्षात दहावीच्या अनेक विद्यार्थ्यांना मराठीत एक पानभर अर्ज संगणकावर लिहिता येत नाही, आणि अनेक शिक्षकांना गेल्या वर्षी स्वतःच तयार केलेली प्रश्नपत्रिका हवी तेव्हा सापडत नाही. त्यामुळे या लेखात ॲपांची यादी दिलेली नाही. ॲप बदलत राहतात. लिहिणे, जपून ठेवणे, पडताळणे, मोजणे आणि जबाबदारीने इतरांपर्यंत पोहोचवणे ही कामे बदलत नाहीत. ती कोणत्या क्रमाने शिकावीत आणि शाळेच्या रोजच्या कामातूनच कशी शिकता येतात, एवढेच येथे मांडले आहे. उदाहरणे मुद्दाम नाशिक जिल्ह्यातली घेतली आहेत, कारण ज्या नदीची पातळी आणि ज्या बाजाराचा भाव घरात चर्चेला असतो, त्यावर काम करताना विद्यार्थ्याला माहिती खरी की खोटी याची पर्वा वाटते.

पहिला टप्पा: युनिकोडमध्ये मराठी लिहिणे

हा टप्पा क्षुल्लक समजून वगळला जातो आणि पुढचे सगळे त्यामुळे अडते. ज्याला मराठी टंकता येत नाही तो रोमन लिपीत मराठी लिहितो, किंवा हाताने लिहून त्याचा फोटो पाठवतो. असा मजकूर शोधता येत नाही, दुरुस्त करता येत नाही आणि दृष्टिहीन विद्यार्थ्याच्या वाचक-सॉफ्टवेअरला वाचताही येत नाही. शाळांच्या जुन्या संगणकांवर श्रीलिपी, कृतिदेव, शिवाजी अशा फॉन्टमध्ये केलेल्या फायली अजूनही असतात. त्या दुसऱ्या संगणकावर उघडल्या की अक्षरांऐवजी निरर्थक चिन्हे दिसतात, कारण त्या फॉन्टमध्ये मूळ अक्षरे रोमन असतात आणि त्यांना फक्त देवनागरीचे रूप दिलेले असते. अशा फायली रूपांतरकाच्या मदतीने एकदाच युनिकोडमध्ये (प्रत्येक लिपीतील अक्षराला ठरावीक संकेत देणाऱ्या, सर्व संगणकांवर सारख्या चालणाऱ्या पद्धतीत) आणाव्यात आणि नवे काहीही जुन्या फॉन्टमध्ये करू नये. रूपांतरानंतर जोडाक्षरे, रफार आणि अंक मात्र डोळ्यांनी तपासावेतच.

संगणकावर नियमित काम करणाऱ्या शिक्षकांनी इनस्क्रिप्ट कळफलक शिकावा, असे माझे स्पष्ट मत आहे. त्यात स्वर डाव्या हाताकडे आणि व्यंजने उजव्या हाताकडे आहेत, मांडणी सर्व भारतीय लिप्यांसाठी जवळपास सारखी आहे आणि विंडोज, लिनक्स, अँड्रॉइड या सर्व ठिकाणी ती उपलब्ध आहे. रोज पंधरा-वीस मिनिटे सराव केल्यास काही आठवड्यांत बोटे बसतात. सरावासाठी निरर्थक अक्षरमाला टंकत बसण्यापेक्षा शाळेच्या सूचना, पालकसभेचे इतिवृत्त, टाचण असे खरे काम घ्यावे. «शेतकऱ्यांना», «दुसऱ्या», «वाऱ्यावर» यांतला र कसा येतो, हे पहिल्याच दिवशी शिकून घ्यावे: नुक्त्याचा ऱ, मग हलन्त, मग य. हे न कळल्यामुळे कित्येक परिपत्रकांत हे शब्द चुकलेले दिसतात.

विद्यार्थ्यांना मोबाईलवर बोलून लिहिण्याची सोय अधिक जवळची वाटते, आणि ती वापरण्यात गैर काही नाही. फक्त बोललेला मजकूर हा कच्चा खर्डा समजावा. ल आणि ळ, ऱ्हस्व-दीर्घ, विरामचिन्हे, गावांची नावे आणि आकडे येथे हमखास चुका होतात. विद्यार्थ्याने पाच मिनिटे बोलून लिहावे आणि दहा मिनिटे दुरुस्त करावे. भाषेच्या शिक्षकाला शुद्धलेखनाचा याहून चांगला पाठ मिळणे कठीण आहे.

दुसरा टप्पा: केलेले काम सापडेल असे ठेवणे

फाइलचे नाव वर्ष, महिना, दिवस या क्रमाने सुरू करावे आणि पुढे इयत्ता, विषय, प्रकार लिहावा. उदाहरणार्थ, «२०२५-०८-११ आठवी विज्ञान घटकचाचणी». असे केल्यास फोल्डरमधील फायली आपोआप कालक्रमाने लागतात. «नवीन», «अंतिम», «अंतिम २» अशी नावे सोडून द्यावीत. महत्त्वाच्या फाइलच्या तीन प्रती असाव्यात: एक संगणकावर, एक पेन ड्राइव्हवर किंवा बाह्य डिस्कवर आणि एक इंटरनेटवरील साठ्यात. व्हॉट्सॲप गट हा साठा नव्हे. तेथे पाठवलेला फोटो आकाराने लहान होतो आणि त्याची स्पष्टता जाते. प्रमाणपत्र किंवा गुणपत्रक पाठवायचेच असेल तर ते फोटो म्हणून न पाठवता डॉक्युमेंट म्हणून पाठवावे.

लिंक देऊन फाइल वाटताना समोरच्याला ती फक्त पाहता येणार आहे की बदलताही येणार आहे, हे दर वेळी तपासावे. सर्वांना बदलाची मुभा असलेली गुणांची यादी पालकांच्या गटात गेली, तर काय होईल ते सांगण्याची गरज नाही.

तिसरा टप्पा: शोधणे आणि पडताळणे

नाशिककरांना या टप्प्यासाठी दुतोंड्या मारुतीपेक्षा चांगले उदाहरण मिळणार नाही. रामकुंड परिसरातील या मूर्तीच्या पायाला, गुडघ्याला, कमरेला की छातीला पाणी लागले, यावरून गोदावरीच्या पुराचा अंदाज घेण्याची शहराची जुनी रीत आहे. ऑगस्ट २०१६ आणि ऑगस्ट २०१९ मध्ये शहराने मोठे पूर पाहिले, त्यांची असंख्य छायाचित्रे काढली गेली, आणि जोराचा पाऊस सुरू झाला की त्यांतली काही «आत्ताची» म्हणून पुन्हा फिरू शकतात. जुलै महिन्यात आठवी-नववीच्या वर्गाला असे एक छायाचित्र द्यावे आणि पुढील क्रमाने तपासायला लावावे.

प्रथम, छायाचित्र कोणी काढले आणि पाठवणाऱ्याला ते कोठून मिळाले, हे विचारावे. «गटात आले होते» हे उत्तर म्हणजे स्रोत नाही. दुसरे, गूगल लेन्ससारख्या साधनाने छायाचित्रावरून शोध घ्यावा आणि मिळालेल्या निकालांत सर्वांत जुनी तारीख कोणती ते पाहावे. येथे एक तर्क नीट समजावून सांगावा लागतो: तेच छायाचित्र जुन्या तारखेला सापडले तर ते आजचे नाही, हे निश्चित होते, परंतु ते कोठेच सापडले नाही, तर ते आजचेच आहे असे सिद्ध होत नाही. विद्यार्थी या दुसऱ्या अर्ध्यातच घसरतात, आणि खरे सांगायचे तर मोठी माणसेही घसरतात. तिसरे, छायाचित्रात काय दिसते ते पाहावे: फलकावरील मजकूर, बांधकामाची अवस्था, दुकानांची नावे, आकाश. मोबाईलमधील मूळ छायाचित्रासोबत तारीख आणि ठिकाणाची नोंद असू शकते. पण व्हॉट्सॲपवरून फोटो म्हणून आलेल्या प्रतीत ती नोंद बहुधा उरत नाही, म्हणून तेथे तिचा शोध घेण्यात वेळ घालवू नये. चौथे, गंगापूर धरणातून त्या दिवशी किती विसर्ग सुरू आहे याची जलसंपदा विभागाची किंवा जिल्हा प्रशासनाची माहिती मिळवून छायाचित्राशी ताडून पाहावी.

विसर्गाचा आकडा क्युसेकमध्ये असतो. एक क्युसेक म्हणजे सेकंदाला एक घनफूट, म्हणजेच सुमारे २८.३ लिटर पाणी. १०,००० क्युसेक म्हणजे सेकंदाला जवळपास २ लाख ८३ हजार लिटर. हे गणित वर्गात एकदा करून घेतले की बातमीतील आकडा केवळ मोठा वाटण्याऐवजी समजू लागतो, आणि एखाद्या संदेशात क्युसेकऐवजी टीएमसी (अब्ज घनफूट) लिहिले असेल तर ती चूक विद्यार्थ्याच्या लगेच लक्षात येते. टीएमसी हे साठ्याचे माप आहे, प्रवाहाचे नाही.

शोध घेण्याचे तंत्र वेगळे शिकवावे लागते. नेमका शब्दसमूह अवतरणचिन्हांत लिहून शोधणे, निकाल ठरावीक कालावधीपुरते मर्यादित करणे, तोच प्रश्न मराठीत आणि इंग्रजीत विचारून उत्तरे ताडणे, आणि पहिला निकाल जाहिरात आहे का ते पाहणे, एवढे पुरेसे आहे. मराठीत विश्वासार्ह सुरुवात करण्यासाठी मराठी विश्वकोश संकेतस्थळावर मोफत वाचता येतो. मराठी विकिपीडियाचा उपयोग लेखाखालील संदर्भांपर्यंत पोहोचण्यासाठी करावा. संदर्भ नसलेला परिच्छेद उतरवून घेऊ नये. आणि काही गोष्टी आजही ग्रंथालयातच मिळतात. १८४० मध्ये स्थापन झालेले सार्वजनिक वाचनालय आपल्याच शहरात आहे. इंटरनेटवर मिळालेली नाशिकविषयीची एखादी माहिती तेथील पुस्तकाशी ताडून पाहणे, हा वर्षातून एकदा तरी करावा असा उपक्रम आहे.

सन २०२७ मधील सिंहस्थाच्या काळात निवास, वाहतूक आणि गर्दी यांविषयीचे संदेश मोठ्या प्रमाणावर फिरतील, हे गृहीत धरूनच हा सराव त्याआधी व्हायला हवा.

चौथा टप्पा: तक्ता, सरासरी आणि आलेख

एक्सेल, गूगल शीट्स किंवा मोफत मिळणारे लिब्रेऑफिस कॅल्क यांपैकी काहीही चालेल. विषय म्हणून लासलगाव बाजार समितीतील कांद्याचे भाव घ्यावेत. बाजार समित्यांच्या नोंदीत आवक, किमान दर, कमाल दर आणि सर्वसाधारण दर असतात आणि दर क्विंटलमागे दिलेले असतात. विद्यार्थ्यांनी एका महिन्याच्या नोंदी रोज भराव्यात. तक्ता भरण्याचे नियम मोजके आहेत, पण ते काटेकोर पाळावे लागतात. एका ओळीत एका दिवसाची नोंद असावी, एका स्तंभात एकाच प्रकारची माहिती असावी, एकक आकड्यासोबत न लिहिता स्तंभाच्या शीर्षकात लिहावे, आणि चौकटी एकमेकींत विलीन करू नयेत. बाजार बंद असेल त्या दिवशी शून्य न लिहिता जागा रिकामी ठेवावी, अन्यथा सरासरी खाली येते. आणखी एक खाचखळगा मराठी शाळांचा खास आहे: तक्त्यात देवनागरी अंक टंकले तर संगणक त्यांना अनेकदा संख्या न मानता मजकूर मानतो आणि बेरीज शून्य दाखवतो. त्यामुळे भरताना आंतरराष्ट्रीय अंक वापरावेत आणि छापताना हवे तर देवनागरी रूप द्यावे.

खरे शिक्षण सरासरी काढताना घडते. समजा, एका दिवशी १,००० क्विंटल आवक झाली आणि दर १,००० रुपये होता. दुसऱ्या दिवशी १०० क्विंटल आवक झाली आणि दर २,००० रुपये झाला. दोन दरांची साधी सरासरी १,५०० रुपये येते. परंतु एकूण १,१०० क्विंटलचे १२ लाख रुपये झाले, म्हणजे शेतकऱ्यांच्या हाती क्विंटलमागे सरासरी सुमारे १,०९१ रुपयेच आले. ही भारित सरासरी होय. ज्या विद्यार्थ्याच्या घरी कांदा पिकतो त्याला हा फरक एका मिनिटात कळतो, आणि «सरासरी भाव दीडपट» अशा मथळ्याकडे तो यापुढे वेगळ्या नजरेने पाहतो. नंतर त्याच नोंदींचे दोन आलेख काढायला लावावेत: एकात उभा अक्ष शून्यापासून सुरू करावा आणि दुसऱ्यात ९०० पासून. दोन्ही आलेख खरे असूनही दुसऱ्यात चढउतार किती भयंकर वाटतात, याची चर्चा वर्गात व्हावी.

शिक्षकांनी हेच कौशल्य गुणांच्या तक्त्यासाठी वापरावे. केवळ एकूण गुण न भरता प्रश्ननिहाय गुण भरले, तर कोणत्या प्रश्नावर निम्मा वर्ग अडला ते दिसते. सातवा प्रश्न ४० पैकी ३१ विद्यार्थ्यांचा चुकला असेल, तर दोष विद्यार्थ्यांचा आहे, शिकवण्याचा आहे की प्रश्नाच्या शब्दरचनेचा, याचा विचार करता येतो. एरवी वेगवेगळ्या पोर्टलांवर माहिती भरण्यातच शिक्षकांचा तक्त्यांशी संबंध येतो, आणि त्या कामाचा वर्गाला काडीचाही उपयोग होत नाही, ही तक्रार रास्त आहे. प्रश्ननिहाय तक्त्याचा उपयोग मात्र दुसऱ्याच दिवशीच्या तासाला होतो.

पाचवा टप्पा: पाठ्यसामग्री निवडणे आणि तयार करणे

स्वतः काही तयार करण्यापूर्वी उपलब्ध असलेले पाहावे. दीक्षा हे व्यासपीठ २०१७ पासून सुरू आहे आणि बालभारतीच्या पाठ्यपुस्तकांतील क्यूआर कोडद्वारे त्यावरील साहित्य उघडते. विज्ञान-गणितासाठी कोलोरॅडो विद्यापीठाची फेट सिम्युलेशन मोफत आहेत आणि त्यांतील काही मराठीतही वापरता येतात. भूमितीसाठी जिओजेब्रा आहे. स्वतः ध्वनिचित्रफीत करायची असल्यास एका संकल्पनेसाठी पाच-सहा मिनिटे पुरतात. चित्रापेक्षा आवाज स्वच्छ असणे अधिक महत्त्वाचे आहे, म्हणून पंखा बंद करून आणि मोबाईल जवळ ठेवून ध्वनिमुद्रण करावे. दुसऱ्याचे चित्र किंवा मजकूर वापरताना त्याचा परवाना पाहावा आणि निर्मात्याचे नाव द्यावे.

सुरगाणा, पेठ, त्र्यंबकेश्वर या तालुक्यांतील अनेक पाड्यांवर नेटवर्क भरवशाचे नसते. तेथे थेट इंटरनेटवर अवलंबून असलेला पाठ आखूच नये. जेथे नेटवर्क मिळते तेथे साहित्य आधी उतरवून घ्यावे आणि मेमरी कार्डावरून वापरावे. किविक्स या मोफत साधनाने मराठी विकिपीडिया इंटरनेटशिवायही वाचता येतो. घरात एकच मोबाईल असून तो दिवसभर वडिलांसोबत शेतात जात असेल, तर ऑनलाइन गृहपाठ त्या मुलीवर अन्याय करतो. उपकरणाचे काम शाळेच्या वेळेत, तीन-चार जणांच्या गटात आणि प्रत्येकाच्या हाती कळफलक येईल अशा पाळीने व्हावे. गटात एकच हुशार मुलगा टंकतो आणि बाकीचे पाहतात, हे चित्र शिक्षकाने पहिल्या आठवड्यातच मोडून काढावे.

सहावा टप्पा: सुरक्षितता आणि विद्यार्थ्यांची माहिती

पासवर्ड लांब असावा. आपल्यालाच आठवतील असे चार-पाच असंबद्ध शब्द जोडून केलेला पासवर्ड लहान पण अवघड पासवर्डापेक्षा बरा. ईमेल खात्याला द्विस्तरीय पडताळणी (पासवर्डनंतर आणखी एक खात्री मागणारी सोय) लावावी, कारण इतर सर्व खात्यांचे पासवर्ड त्याच ईमेलवरून बदलता येतात. विद्यार्थ्यांना तीन गोष्टी पाठ असाव्यात. पैसे स्वीकारण्यासाठी यूपीआय पिन कधीच टाकावा लागत नाही. ओटीपी कोणालाही सांगायचा नसतो, बँकेचा माणूस म्हणवणाऱ्यालाही नाही. आणि «डिजिटल अरेस्ट» अशी कोणतीही अटक भारतीय कायद्यात नाही. आर्थिक फसवणूक झाल्यास १९३० या क्रमांकावर तत्काळ दूरध्वनी करावा. पैसे एका खात्यातून दुसऱ्यात जाण्याआधी ते थांबवण्याची संधी पहिल्या काही तासांतच सर्वाधिक असते. मुलांच्या छळाच्या प्रसंगी १०९८ ही चाइल्डलाइन आहे.

शिक्षकांची जबाबदारी याहून मोठी आहे. २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्याने १८ वर्षांखालील प्रत्येकाला बालक मानले आहे आणि त्यांची माहिती वापरण्यासाठी पालकांची पडताळणीयोग्य संमती हे तत्त्व घालून दिले आहे. कायद्यातील बारकावे बाजूला ठेवले तरी साधी शिस्त पाळता येते: आधार कार्डांचे फोटो गटावर मागवू नयेत, शिष्यवृत्तीसाठी घेतलेली बँक-माहिती काम संपल्यावर स्वतःच्या मोबाईलमधून पुसून टाकावी, नापास विद्यार्थ्यांची नावे गटात टाकू नयेत, आणि मुलांची छायाचित्रे शाळेच्या पानावर देण्याआधी पालकांना विचारावे.

सातवा टप्पा: कृत्रिम बुद्धिमत्ता

चॅटजीपीटी नोव्हेंबर २०२२ मध्ये सर्वांसाठी खुले झाले आणि गृहपाठाची जुनी पद्धत तेथेच संपली, हे मान्य करून पुढे जावे. ही साधने शब्दांमागून कोणता शब्द येण्याची शक्यता अधिक, या आधारे मजकूर रचतात. त्यामुळे उत्तर ओघवते असणे आणि ते बरोबर असणे यांचा परस्परांशी संबंध नसतो. मराठीतील, त्यातही स्थानिक विषयांवरील उत्तरांत चुका अधिक आढळतात, आणि हीच शिक्षकासाठी उत्तम सामग्री आहे. आपल्या गावावर किंवा तालुक्यावर तीनशे शब्द लिहायला साधनाला सांगावे, उत्तर छापून वाटावे आणि त्यातील प्रत्येक विधानापुढे «बरोबर», «चूक» किंवा «तपासता आले नाही» असे लिहायला लावावे. तपासणीसाठी तिसऱ्या टप्प्यातील पद्धतच वापरायची असते. म्हणूनच हा टप्पा सातवा आहे. पडताळणी येण्याआधी हे साधन हाती दिले, तर विद्यार्थी केवळ नक्कल करायला शिकतो.

वापराचा नियम लेखी असावा. विद्यार्थ्याने साधनाला काय विचारले, काय मिळाले आणि स्वतः काय बदलले, हे गृहपाठाच्या शेवटी दोन-तीन ओळींत लिहावे. शिक्षकांनी प्रश्नसंचाचा खर्डा, एकाच उताऱ्याची सोपी आणि अवघड रूपे, पालकांना पाठवायच्या पत्राचा मसुदा अशा कामांसाठी मदत घ्यावी, पण विद्यार्थ्यांची नावे, गुण किंवा आजारपण यांची माहिती त्यात कधीही टाकू नये. मजकूर यंत्राने लिहिला की माणसाने, हे ओळखण्याचा दावा करणारी साधने भरवशाची नाहीत. केवळ त्यांच्या निकालावरून विद्यार्थ्यावर आरोप ठेवणे चूक आहे. संशय असल्यास विद्यार्थ्याला बोलावून त्याच विषयावर पाच मिनिटे प्रश्न विचारावेत. त्याहून चांगले म्हणजे गृहपाठच असा द्यावा की उत्तर घरच्या, गल्लीतल्या किंवा बाजारातल्या नोंदीशिवाय लिहिता येणार नाही.

शाळेने वर्षाची आखणी कशी करावी

जून-जुलैमध्ये टंकलेखन आणि फायली, पावसाच्या भरात पडताळणी, दिवाळीच्या सुट्टीनंतर तक्ते, आणि जानेवारीपासून कृत्रिम बुद्धिमत्ता, असा क्रम बहुतेक माध्यमिक शाळांना जमण्यासारखा आहे. सुरक्षितता एका महिन्यात न कोंबता दर पंधरवड्याला एका तासिकेत थोडी थोडी घ्यावी. शिक्षकांसाठी स्वयम हे शासनाचे मोफत अभ्यासक्रमांचे व्यासपीठ आहे, आणि मुक्त शिक्षणासाठी १९८९ मध्ये स्थापन झालेले यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठ नाशिकमध्येच आहे. प्रमाणपत्रांचा उपयोग सेवापुस्तकात नोंद होण्यापुरता होतो. कौशल्य आले की नाही हे वेगळ्या रीतीने पाहावे लागते. फेब्रुवारीत प्रत्येक विद्यार्थ्याला आणि प्रत्येक शिक्षकालाही तेच काम द्यावे: एक संशयास्पद संदेश, दहा दिवसांच्या भावांची कच्ची यादी आणि पाऊण तास. संदेश पडताळून, तक्ता व आलेख करून, मराठीत दीडशे शब्दांचे टिपण लिहून, योग्य नावाने जतन करून, केवळ पाहण्याची मुभा असलेली लिंक द्यायची. जो टप्पा अडेल, पुढच्या जूनमध्ये त्या व्यक्तीने तेथून सुरुवात करावी, आणि ज्या विद्यार्थ्याचे काम मुख्याध्यापकांपेक्षा आधी पूर्ण होईल त्याला पुढच्या वर्षीच्या टंकलेखनाच्या तासाला मदतनीस म्हणून नेमावे.